दोन तारे आणि एक फीत

छावणीतल्या एखाद्या समारंभात पुढे बसलेल्यांचे खांदे नीट पाहावेत. एका खांद्यावर दोन तारे असतात. माणूस पंचेचाळिशीच्या आसपासचा, मिशीत पांढरे डोकावू लागलेले, छातीवर पदकांच्या पट्ट्यांच्या ओळी. जवळच दुसरा खांदा असतो. त्यावरही दोनच तारे, पण हा बावीस-तेवीस वर्षांचा, कोरा गणवेश, कोरी छाती. पहिला सुभेदार, दुसरा लेफ्टनंट. तारे सारखे. फरक एवढाच की सुभेदाराच्या ताऱ्यांसोबत एक अरुंद रंगीत फीत असते आणि लेफ्टनंटच्या खांद्यावर ती नसते. सलाम आधी कोणी करायचा, जेवायला कोणत्या इमारतीत जायचे, रेल्वेच्या कोणत्या डब्यात बसायचे, हे सगळे त्या बोटभर फितीने ठरत आले आहे.

बहुतेक फौजी या फितीच्या एका बाजूला भरती होतात आणि त्याच बाजूने निवृत्त होतात. थोडे मात्र ती ओलांडतात. शिपाई म्हणून बॅरकमध्ये पलंग लावलेला माणूस काही वर्षांनी अधिकारी होऊन परेडसमोर उभा राहतो. बढतीपेक्षा हे निराळे आहे. नायकाचा हवालदार होणे ही बढती. हवालदाराचा लेफ्टनंट होणे म्हणजे एका घरातून उठून दुसऱ्या घरी नांदायला जाणे. माहेरची माणसे समोरच राहतात, हाकही ऐकू येते, पण उंबरा बदललेला असतो.

फितीच्या अलीकडचे शब्द मराठी माणसाच्या घरातले आहेत. नायक किंवा नाईक, हवालदार, सुभेदार. ही आपल्याकडे आडनावे आहेत, वाड्यांची नावे आहेत. फितीपलीकडचे लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल हे सगळे जहाजातून आलेले. शिवकाळात किल्ल्याचा हवालदार म्हणजे किल्ल्यावरचा मोठा अंमलदार. सभासदाच्या बखरीत घोडदळाची उतरंड सांगितली आहे: पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, मग पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनौबत. ती शिडी सरळ होती. कोणी किती चढायचे ते तलवार, नशीब आणि वशिला ठरवत. पण शिडी मध्येच संपत नसे. कदम बांड्यांच्या पथकात चाकरी धरलेले मल्हारराव होळकर पुढे माळव्याचे सुभेदार झाले ते याच शिडीने.

इंग्रजांनी नावे ठेवली आणि शिडी कापली. हिंदी माणूस शिपाई, नायक, हवालदार, जमादार, सुभेदार असा चढत गेला की सुभेदार-मेजरच्या पायरीवर त्याचे डोके छताला लागे. त्यावरचा मजला गोऱ्यांचा. सुभेदाराने पंचवीस वर्षे पलटण सांभाळलेली असो, विलायतेहून नुकताच उतरलेला कोवळा सेकंड लेफ्टनंट हुद्द्याने त्याच्या वरच. व्यवहारात तो कोवळा साहेब सुभेदाराकडूनच पलटण शिकायचा, भाषा शिकायचा, कोणत्या गावचा गडी कशाने बिथरतो ते शिकायचा. आणि शिकून झाले की सुभेदाराचा सलाम घ्यायचा.

महाराष्ट्राला या छताची उत्तम ओळख आहे. महूच्या छावणीत १८९१ साली जन्मलेल्या भीमरावांचे वडील रामजी मालोजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत होते. वाचन-पाठांतराचा धाक असलेले, शिस्तीचे घर. आंबेडकरांच्या चरित्रात रामजींचा उल्लेख आजही ‘सुभेदार’ म्हणूनच येतो. त्या हुद्द्याचा सार्थ अभिमान त्या घराला होता. पण शिक्षक असलेल्या, अभ्यासू, वर्षानुवर्षे लष्करात काढलेल्या त्या माणसाला लेफ्टनंट होण्याची वाटच नव्हती. लायकी आहे की नाही, हा प्रश्नच त्या व्यवस्थेने कधी विचारला नाही.

वाट खरी रुंद झाली ती १९३२ साली, डेहराडूनला. इंडियन मिलिटरी अकादमीची पहिली तुकडी चाळीस जणांची होती. पंधरा खुल्या स्पर्धेतून आलेले, दहा संस्थानांच्या फौजांतले आणि उरलेले पंधरा थेट लष्कराच्या रांगेतून उचललेले. चाळीसमध्ये पंधरा हे प्रमाण थोडे नव्हे. त्या तुकडीतले तीन जण पुढे तीन देशांचे लष्करप्रमुख झाले, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. भारताचे सॅम माणेकशा, पाकिस्तानचे मोहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन. मात्र या तिघांपैकी दोघे शिपाईगिरी करून आले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. क्वेट्ट्याच्या हजारा समाजातला मुसा १९२६ साली जवान म्हणून भरती झाला होता आणि नायकाच्या हुद्द्यावरून डेहराडूनला आला. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी लष्कराची सूत्रे त्याच्याच हातात होती. स्मिथ डन करेन जमातीचा, चणीने इतका लहान की पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्याने स्वतःच ‘चार फुटी कर्नल’ असे नाव दिले. ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाला तेव्हा लष्कराचा प्रमुख हाच चार फुटी माणूस होता. वर्षभरातच करेन बंडाच्या धामधुमीत त्याला पद सोडावे लागले, ती कथा वेगळी.

मग युद्ध आले. युद्धाला अधिकारी लागतात आणि तेही घाईने लागतात. शांततेच्या काळात जी दारे किलकिली होती, ती दुसऱ्या महायुद्धाने उघडली. मेजर ध्यानचंद यांच्या नावातल्या ‘मेजर’ची सुरुवातही याच काळात झाली. १९२२ साली साधा शिपाई म्हणून भरती झालेले ध्यानचंद १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये हॉकी संघाचे कर्णधार होते. जर्मनीला त्यांच्याच राजधानीत ८-१ असे हरवून ते सुवर्णपदक घेऊन परतले, आणि छावणीत परतल्यावर कालपरवा आलेल्या लेफ्टनंटला पुन्हा सलाम ठोकू लागले. कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, त्यांना मिळाले ते महायुद्धात. १९५६ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. आज ‘मेजर’ हा शब्द त्यांच्या नावाला इतका चिकटला आहे की त्याआधीची वीस वर्षे कोणाला आठवत नाहीत.

फीत ओलांडलेल्यांत मराठी मुलखाला सर्वांत जवळचा माणूस मात्र कारवारकडचा. राम राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, गाव कारवारजवळचे चेंडिया. तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यात होता. वडील पोलिसात. बावीस वर्षांचा राम १० जुलै १९४० रोजी खडकीला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाला. या दलातल्या साध्या शिपायाला ‘सॅपर’ म्हणतात. त्याचे काम रस्ता करणे, पूल बांधणे, सुरुंग पेरणे, सुरुंग काढणे, आणि माघार घेताना आपणच केलेले सगळे उडवून देणे. बंदूक हातात असते, पण जास्त वेळ फावडे असते. आपल्या तुकडीतला उत्तम रिक्रूट म्हणून राणेंना कमांडंटची छडी मिळाली.

त्यांना ब्रह्मदेशात पाठवले गेले. आराकानमधून माघार चालू असताना राणेंच्या हाताखालच्या दोन सेक्शन मागे ठेवण्यात आल्या. बुथिदाँगचा दारूगोळा आणि वाहने शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून ती नष्ट करायची होती. ते झाले की नौदल येऊन त्यांना उचलणार होते. उडवायचे ते उडवले, नौदल आले नाही. मग जपानी पहारे फिरत असलेली नदी त्यांनी आपली आपणच ओलांडली आणि ही मंडळी आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाली. याबद्दल राणे हवालदार झाले. त्या रात्री नदीकाठी निर्णय घ्यायला कोणी साहेब नव्हता. होता तो फितीच्या अलीकडचा, पंचविशीच्या आगेमागे असलेला कोकणी गडी. सनद यायची होती, पण अधिकारीपण येऊन गेले होते.

१५ डिसेंबर १९४७ रोजी राणेंना कमिशन मिळाले. शिपाईगिरीची सात वर्षे आणि पाच महिने मागे टाकून ते सेकंड लेफ्टनंट झाले. काश्मीरचे युद्ध पेटले होते. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराकडून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. राजौरीत माणसे अडकली होती, कापली जात होती. उशीर परवडणारा नव्हता. रस्ता मात्र शत्रूने जागोजागी बुजवला होता. मोऱ्या उडवलेल्या, पाइनचे मोठाले वृक्ष आडवे पाडलेले, त्यांच्या भोवती सुरुंग, आणि वरच्या डोंगरातून मशिनगनची नजर.

८ एप्रिलला राणेंच्या तुकडीने काम सुरू केले आणि सुरुवातीलाच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे एक. पट्टी बांधून ते पुन्हा रस्त्यावर आले. सुरुंग काढताना ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरून रांगत पुढे सरकत आणि दोऱ्या ओढून आतल्या चालकाला ‘चल’ आणि ‘थांब’ची खूण करत, असे सांगतात. ९ तारखेला पहाटे सहापासून दुपारी तीनपर्यंत एकच अडथळा. ११ तारखेला पुन्हा सकाळी सहाला हात घातला, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा केला आणि रात्री दहापर्यंत काम चालूच ठेवले. १२ तारखेला राजौरी हाती आली. राणेंना परमवीर चक्र मिळाले. जिवंतपणी ते स्वीकारणाऱ्या मोजक्यांपैकी ते एक.

या चार दिवसांकडे शौर्य म्हणून सगळेच पाहतात. त्यात एक आणखी गोष्ट आहे. राणे तेव्हा जेमतेम पावणेचार महिन्यांचे अधिकारी होते. अधिकाऱ्याने नकाशा पाहावा, माणसे नेमावीत, वेळ राखावी. रांगत जाऊन सुरुंगावर हात ठेवणे हे सॅपरचे काम. राणेंनी दोन्ही केले. खांद्यावर काय आहे ते हातांना अजून कळलेले नव्हते, म्हणा. किंवा हातांना चांगले कळले होते की या जागी खांद्याचा काही उपयोग नाही. आठ वर्षे माती उकरलेल्या बोटांना जे कळते ते अकादमीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवता येत नाही.

याचा अर्थ शौर्य केले की फीत गळून पडते, असा मात्र नाही. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठावर त्यांनी जखमी सोबत्यांना उचलून सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले आणि मग परत जाऊन शत्रूची मशिनगन ठाणी गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते निवृत्त झाले हवालदार म्हणून. राणेंच्याच युद्धात तिथवालला लढलेले लान्स नायक करम सिंग यांनाही परमवीर चक्र मिळाले. नावामागे ‘कॅप्टन’ लागले ते मानद, नोकरीच्या अखेरीस. मानद कमिशन ही आपल्या फौजेतली जुनी रीत आहे. दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला याद्या निघतात, निवडक सुभेदार मंडळी मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन होतात. गावाकडे मग घरावर पाटी लागते, लग्नपत्रिकेत हुद्दा छापला जातो. मान खरा असतो. पण दार उघडते ते निघायच्या वेळी.

धैर्य आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लष्कराला पक्के ठाऊक आहे, आणि ते बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की दुसरी गोष्ट कोणाकडे आहे हे शोधायचे कसे.

त्यासाठी शाळा निघाली. बुंदेलखंडातल्या नौगावला १९२९ पासून किचनर कॉलेज होते. तिथे होतकरू हवालदार-नायकांना वरच्या देशी हुद्द्यांसाठी घडवत. स्वातंत्र्यानंतर १९६० साली त्याच जागी आर्मी कॅडेट कॉलेज सुरू झाले, आणि या वेळी उद्देश स्पष्ट होता: जवानांतून अधिकारी. १९६४ साली हे कॉलेज पुण्याला आले आणि १९७७ पर्यंत पुण्यात राहिले. पुणेकरांच्या हे फारसे ध्यानात नसते. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी होती, जिथे बारावीच्या वयाची पोरे अधिकारी व्हायला येत. आणि त्याच शहरात दुसरीकडे बूट झिजवलेले, संत्रीची ड्युटी केलेले, घरी मनिऑर्डरी धाडलेले गडी वह्या-पुस्तके घेऊन पुन्हा वर्गात बसत होते. त्यांतल्या कित्येकांनी १९६५ चे युद्ध पाहिलेले असणार. लढाई म्हणजे काय हे ज्यांना शिकवायचे नव्हते, ते त्रिकोणमिती शिकत होते. आज हे कॉलेज डेहराडूनच्या अकादमीचाच एक भाग आहे. तीन वर्षे पदवीचा अभ्यास, पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, त्यानंतर अकादमीत एक वर्ष. वय झालेल्यांसाठी वेगळ्या वाटा आहेत. नौदल-वायुदलातही आपापल्या आहेत.

कॉलेजात पोचण्याआधी दोन फाटके लागतात. एक लेखी परीक्षा, दुसरे एसएसबी, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. ही निवडपद्धत आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली डेहराडूनला सुरू झाली. पाच दिवस उमेदवाराला नाव नसते, छातीवर चेस्ट नंबर असतो. पडद्यावर एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची. मग साठ शब्द, एकेक पंधरा सेकंद. शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य कागदावर. मग साठ प्रसंग, अर्ध्या तासात. मग मैदानात दोर, फळ्या, पिंपे, आणि गटाने पार करायचा अडथळा.

नागरी घरातून आलेल्या मुलाला हे अवघड जाते ते सवय नसते म्हणून. जवानाला अवघड जाते ते सवय असते म्हणून. पाच-सहा वर्षे त्याने जे अंगात मुरवले ते इथे आडवे येते. त्याला शिकवलेले असते की विचारल्याशिवाय बोलायचे नाही. गटचर्चेत न विचारता बोलावे लागते. त्याला शिकवलेले असते की हुकूम मिळाला की हलायचे. इथे मुद्दाम कोणी हुकूम देत नाही, आणि परीक्षक वहीत टिपत असतो की आधी कोण हलले. फळी कुठे टाकायची हे त्याला सगळ्यांआधी दिसते, कारण खरा नाला त्याने ओलांडलेला असतो. पण तो वाट पाहतो. ‘साहेब’ सांगतील म्हणून. त्या क्षणभराच्या वाट पाहण्यात कितीतरी निवडी हुकतात.

दुसरी फीत इंग्रजीची. ती खांद्यावर दिसत नाही, पण शिवण तिचीच पक्की आहे. चर्चा इंग्रजीत, अधिकाऱ्यांचा कागद इंग्रजीत, मेसमधले विनोद इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाठ केलेला मुलगा बॅरकमध्ये दिवे गेल्यावर व्याकरणाचे पुस्तक उघडतो तेव्हा शेजारचा पलंग हमखास विचारतो, ‘काय, साहेब होणार का?’ त्यात थट्टा असते, थोडी असूया असते आणि थोडी आशाही. यात दोष कोणा एकाचा नाही. पण ज्या फौजेत हुकूम हिंदीत सुटतो, जवान आपसात मराठी, पंजाबी, तमिळ बोलतात, तिथे नेतृत्वाची चाचणी परक्या क्रियापदांवर घ्यावी लागते, हे विचित्रच म्हणायचे.

भाषेचा हा काच फक्त हिंदी माणसालाच बसला असेही नाही. विल्यम रॉबर्टसन हा लिंकनशायरमधल्या एका खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा. १८७७ साली तो ब्रिटिश घोडदळात साधा शिपाई म्हणून भरती झाला, आईच्या मनाविरुद्ध. कारण त्या काळी इंग्लंडमध्ये शिपाईगिरी म्हणजे ओवाळून टाकलेल्यांचा धंदा. त्याआधी जेमतेम सहाच वर्षांपूर्वी, १८७१ पर्यंत, तिथे अधिकाऱ्याचा हुद्दा पैसे मोजून विकत मिळत असे. रॉबर्टसनला १८८८ साली कमिशन मिळाले आणि त्याला कळले की हुद्दा मिळणे सोपे, टिकवणे महाग. घोडदळातल्या अधिकाऱ्याचा पगार त्याच्या मेसच्या बिलाला पुरत नसे. घरून पैसा यावा लागे. याच्या घरून आले ते वडिलांनी शिवलेले कपडे. तो हिंदुस्थानात आला, कारण इथे राहणे स्वस्त आणि पगार जास्त. मेसमध्ये इतरांचे मद्याचे ग्लास भरले जात तेव्हा हा पाणी पीत बसे. भाषांच्या परीक्षांना बक्षिसाचे पैसे मिळत म्हणून मुनशी ठेवून त्याने उर्दू, हिंदी, फारसी, पश्तू अशा भाषा एकापाठोपाठ एक पदरात पाडून घेतल्या. पुढे पहिल्या महायुद्धात तो साम्राज्याच्या जनरल स्टाफचा प्रमुख झाला आणि १९२० साली फील्ड मार्शल. शिपायापासून फील्ड मार्शलपर्यंत सगळे हुद्दे चढलेला ब्रिटिश लष्करातला हा एकच माणूस. एवढे सगळे होऊनही इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीचा ‘ह’ त्याच्या तोंडून जन्मभर निसटत राहिला. त्या देशात ‘ह’ गाळणे म्हणजे वडील काय करत होते ते सांगणेच. पश्तू जमली, ‘ह’ जमला नाही. की जमवायचाच नव्हता, कोण जाणे.

डेहराडूनला गेलेल्या जवानाची पहिली गंमत ड्रिलच्या मैदानावर होते. तिथे कवायत शिकवणाऱ्यांना ‘उस्ताद’ म्हणतात आणि उस्ताद बहुधा हवालदार-सुभेदार असतात. म्हणजे काल जो स्वतः नायक होता, नव्या रिक्रूटांना ‘रगडा’ देत होता, तो आज कॅडेट होऊन हवालदाराचा रगडा खातो. उस्तादाच्या सगळ्या युक्त्या त्याला पाठ असतात, उस्तादालाही ते माहीत असते. तोंडातून शब्द मात्र तेच निघतात. शेवटच्या परेडनंतर, ‘अंतिम पग’ ओलांडल्यावर, तोच उस्ताद सलाम करतो. नागरी घरातल्या पोराला त्या सलामाने फुलल्यासारखे वाटते. रांगेतून आलेल्याला त्याचे वजन कळते, कारण असे हजारो सलाम त्याने स्वतः केलेले असतात. त्यांतले किती मनापासून आणि किती सवयीने, याचा हिशोबही त्याच्यापाशी असतो.

मग पलटण. लंगरात ताट घेऊन पंगतीत बसणारा आता मेसमध्ये काट्या-चमच्याने जेवतो. हे महिनाभरात जमते. काटा-चमचा म्हणजे काही तोफ नव्हे. जमत नाही ती मधली हवा. कोपऱ्यात चार जवान हसत असतात, हा जवळ येतो, हसणे थांबते आणि चौघेही ताठ उभे राहतात. त्या हसण्यात काय होते ते त्याला पक्के ठाऊक असते, कारण पाच वर्षांपूर्वी तो त्यात होता. मेसमध्ये त्याच्या वयाचे कॅप्टन-मेजर असतात, त्यांच्या शाळांच्या, अकादमीच्या स्क्वाड्रनच्या आठवणी असतात. याच्या आठवणी दुसऱ्याच कशाच्या असतात, आणि त्या सांगायच्या की नाही हे रोज नव्याने ठरवावे लागते.

जवानांचेही आपले मत असते. रांगेतून आलेला साहेब चांगला, कारण त्याला आपले दुःख कळते, असे काही म्हणतात. तोच वाईट, कारण त्याला आपली लबाडी कळते, असेही म्हणतात. दोन्ही खरे. रजेच्या अर्जात आजी वारल्याचे कारण वाचून नवा लेफ्टनंट हळहळतो. ज्याने स्वतः गावच्या यात्रेसाठी आजीला दोनदा स्वर्गवासी केले आहे, तो फक्त विचारतो, ‘कितवी?’ आणि बहुधा रजा देतो. पहाटे तीन ते चार या तासात संत्री कुठे टेकतो, हत्यार साफ केल्याचे नुसते दाखवायचे कसे, मेडिकलला जाण्याचा खरा वार कोणता, हे त्याला शिकवावे लागत नाही.

घरच्यांची मात्र तयारी कोणी करून घेत नाही. जास्त वयात, विशेष प्रवेशातून कमिशन मिळालेल्याचे लग्न झालेले असते, मुले शाळेत असतात. बायको जवानांच्या फॅमिली क्वार्टर्समध्ये रमलेली. पापड वाळत घालायला समोरच्या सुभेदारीणबाईंची मदत, संध्याकाळी जिन्यात गप्पा. एका सकाळी ती ‘मेमसाब’ होते. सामान दुसऱ्या गल्लीत जाते. सुभेदारीणबाई, ज्यांनी तिला बाळंतपणात डिंकाचे लाडू करून घातले होते, त्या आता उठून उभ्या राहतात. तिला कसेसेच होते. नवऱ्याला निदान प्रशिक्षण मिळालेले असते.

आणि वयाचे गणित. ते निर्दयी आहे, पण उघड आहे. कॅडेट कॉलेजच्या वाटेने येणारा भरती झाल्यावर काही वर्षांनी निवडला जातो, मग चार वर्षे शिक्षण. लेफ्टनंट होतो तेव्हा बऱ्याचदा अठ्ठावीस-एकोणतीसचा असतो. बाविशीत लेफ्टनंट झालेल्याच्या सहा-सात वर्षे मागे. आजच्या नियमांनी दोन वर्षांत कॅप्टन, सहा वर्षांत मेजर, तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल ही वाट दोघांना सारखीच. पुढे मात्र निवृत्तीचे वय हुद्द्याला बांधलेले असते, आणि कर्नल चोपन्नाव्या वर्षी घरी जातो. सहा वर्षे उशिरा निघालेल्याला ब्रिगेडियर, मेजर जनरल ही स्टेशने लागण्याआधीच गाडी यार्डात जाते. मुसा आणि डन यांच्या वाटेने आज एखादा जवान निघाला तर त्याच्याशी फितीपेक्षा कॅलेंडर जास्त भांडेल.

राणेही मेजरच्या पुढे गेले नाहीत. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले, पुढे काही वर्षे लष्करातच पुनर्नियुक्तीवर राहिले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. ज्या खडकीत ते सॅपर म्हणून दाखल झाले होते तिथून फार दूर नाही. त्याआधी दहा वर्षे, ते हयात असतानाच, भारतीय नौवहन महामंडळाने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे दिली. राणेंच्या नावाच्या जहाजावर हुद्दा रंगवला होता तो ‘लेफ्टनंट’. युद्धाच्या वेळी ते सेकंड लेफ्टनंट होते, जहाज पाण्यात उतरले तेव्हा मेजर. जहाज या दोहोंच्या मधलाच हुद्दा घेऊन पंचवीसेक वर्षे तेल वाहत हिंडले. कारवारच्या किनाऱ्यावर, संग्रहालय झालेल्या ‘चपळ’ या युद्धनौकेजवळ, त्यांचा पुतळा आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांत राणेंचे बेट आहे आणि लान्स नायक करम सिंगांचेही.